कान तयार, कागद कोरा

मोसमाची पुस्तिका हातात आली की मी ती शेवटून उघडतो.

पुढच्या पानांवर पाहुण्या कंडक्टरचा फोटो असतो, एकलवादकाची दोन परिच्छेदांची ओळख असते, प्रायोजकांची बोधचिन्हं असतात. मागच्या पानावर बारीक टायपात वादकांची यादी असते. पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हिओला, चेलो, डबल बास. मग बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बासून. मग हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन. शेवटी तालवाद्यं. मी बोट ठेवून एकेक आडनाव वाचतो.

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये मुंबईत उभा राहिला. नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचे (एनसीपीए) अध्यक्ष खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेंगालिएव या दोघांनी तो उभा केला. वर्षातून दोन मोसम, एक फेब्रुवारीच्या सुमाराला, दुसरा सप्टेंबरच्या. नरिमन पॉइंटच्या टोकाला जमशेद भाभा थिएटर, ११०९ खुर्च्या, समोर ऐंशी-नव्वद वादक. भारतातला व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हटलं की आजही हेच एक नाव पुढे येतं. एकशे चाळीस कोटींच्या देशात एक.

पुढचा मोसम जवळ आलाय. काय वाजणार, कोण येणार, याची चर्चा चालू आहे. माझा प्रश्न मागच्या पानाचा आहे. या यादीत इथली नावं इतकी थोडी का?

आधी शब्दाचं बघू

मराठी माणसाला 'ऑर्केस्ट्रा' म्हणा. त्याच्या डोळ्यांसमोर गणपतीचा मांडव येतो. चकचकीत कोट घातलेला निवेदक, किशोरकुमारच्या आवाजात गाणारा कुणी स्थानिक तरुण, मागे कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी. मी त्याच मांडवात वाढलो आणि त्या संध्याकाळी मला आजही प्रिय आहेत. पण त्यामुळे एक गोष्ट झाली. शब्द आपल्याकडे आला, घरोघरी रुळला, आणि त्याचा मूळ अर्थ वेशीबाहेरच राहिला. ऐंशी माणसांनी एका काठीच्या इशाऱ्यावर, ध्वनिक्षेपकाशिवाय, एका श्वासात वाजवणं हा अनुभव बहुसंख्य मराठी रसिकांनी प्रत्यक्ष घेतलेलाच नाही.

त्यांना आवड नाही, असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही. व्हायोलिन आपल्याला परकं कधीच नव्हतं. गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, डी. के. दातार यांनी ते मांडी घालून वाजवलं आणि त्यातून ख्याल गायला. प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनला लोक 'गाणारं व्हायोलिन' म्हणाले. तमाशात क्लॅरिनेट आली आणि इतकी मुरली की ती बाहेरची आहे हे कुणाला आठवतही नाही. संगीत नाटकानं ऑर्गन घेतला. वाद्य परदेशी म्हणून महाराष्ट्रानं दार लावल्याचं उदाहरण मला सापडत नाही. दार उघडं होतं. बोलावणंच पोचलं नाही.

जो माणूस इथे हवा होता

१९३५ मध्ये मेहली मेहता नावाच्या विशीतल्या पारशी तरुणानं बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. हौशी आणि व्यावसायिक वादक गोळा केले, तालमी घेतल्या, पुढे चार तंतुवाद्यांचं स्वतःचं चौकडीवादनही सुरू केलं. घरात सतत तालमी. त्या तालमी ऐकत एक मुलगा मोठा झाला, १९३६ साली जन्मलेला झुबिन. तो अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेला आणि जगाचा झाला, हे आपण अभिमानानं सांगतो.

त्याच्या वडिलांचं पुढे काय झालं, हे मात्र आपण सांगत नाही. मेहली मेहता १९५५ मध्ये मुंबई सोडून मँचेस्टरला हॅले ऑर्केस्ट्रात वाजवायला गेले. पुढे अमेरिकेत स्थिरावले. १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी तरुण वादकांचा ऑर्केस्ट्रा उभारला आणि पुढची ३३ वर्षं चालवला. शेकडो अमेरिकी मुलं त्यांच्या हाताखाली तयार झाली.

ती ३३ वर्षं मुंबईची होती. तोच माणूस, तीच शिस्त, तीच जिद्द गिरगावात किंवा दादरला लागली असती तर आज त्या मागच्या पानावर वेगळी आडनावं असती. माणूस गेला कारण त्याला इथे वाजवून जगता येईना. मुलगा जगज्जेता झाला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. बाप इथून का गेला, हे विचारायला सत्तर वर्षांत फारसं कुणी धजलं नाही. त्यांच्या नावाची संस्था आज मुंबईत मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवते, हे ऋण थोडंतरी फिटतंय म्हणायचं.

झेवियर्सच्या चौकातली रात्र

१९५८. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचा दगडी चौक. तिथे एक भलामोठा वाद्यवृंद बसला होता. सोबत गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. रचना पाश्चात्त्य वाद्यांसाठी, पण राग आपले. हे सगळं मांडणारा माणूस गोव्यातल्या माजोर्ड्याचा, अँथनी गोंसाल्विस.

दिवसा हा माणूस फिल्म स्टुडिओंत व्हायोलिन वाजवायचा, गाण्यांची वाद्यरचना कागदावर उतरवून द्यायचा. राहुलदेव बर्मन त्याच्याकडे शिकले. प्यारेलालही त्याचेच शागीर्द. गुरूचं ऋण म्हणून १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये त्याचं नाव गाण्यात गेलं, आणि सगळ्या देशाला ते नाव एका विनोदी प्रसंगातून माहीत झालं. ते एका गंभीर संगीतकाराचं नाव आहे, हे फार थोड्यांना कळलं.

त्याचं स्वप्न साधं होतं. भारतीय रागांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा, इथल्या वादकांचा. त्याला पाठीराखा मिळाला नाही. तो अमेरिकेला गेला, परत आला, माजोर्ड्याला शांतपणे राहिला आणि २०१२ मध्ये गेला. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा पहिला मोसम त्याच्या हयातीतच झाला. त्या मोसमाच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी तो ही वाट चालून गेला होता.

मुंबईच्या स्टुडिओंत अशा वादकांची फौज होती. व्हायोलिनं, व्हिओला, चेलो, सॅक्सोफोन, ट्रंपेट, सगळं. कागद समोर ठेवला की पहिल्या वाचनात वाजवणारे. बरेच जण गोव्याचे, काही पारशी, काही उत्तरेकडचे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सिंथेसायझर आला, एकेक वाद्य वेगवेगळं ध्वनिमुद्रित करायची सोय आली, आणि ही फौज घरी बसली. त्या वेळी कुणी एका कंपनीनं, एका सरकारनं, एका धनिकानं या लोकांना एकत्र बसवलं असतं तर मुंबईला सिम्फनी ऑर्केस्ट्रा आयता मिळाला असता. वादक होते, वाद्यं होती, कागद वाचता येत होता. फक्त पगार नव्हता. एक अख्खी पिढी आपण निवृत्त होऊ दिली आणि मग वादक शोधायला कझाकस्तानातल्या अल्माटीपर्यंत गेलो.

कझाकस्तानहून येऊन मुंबईत राहिलेल्या वादकांबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. ते इथल्या मुलांना शिकवतात, हे त्यांचं मोठं देणं आहे. बोट मी आपल्याकडे दाखवतोय.

गोव्याच्या गावात काय होतं

हे गोवेकर वादक आकाशातून पडले नव्हते. सोळाव्या शतकापासून गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. गावातलं शेतकऱ्याचं, खलाशाचं पोर तिथे जायचं. स्वरलिपी वाचायला शिकायचं, गायला शिकायचं, व्हायोलिन हातात घ्यायचं. शिकवायला गावाचा मास्तर असायचा. गोंसाल्विसचे वडील असेच चर्चच्या गायनवृंदाचे मास्तर होते.

त्या शाळांमागे पोर्तुगीज सत्ता होती, धर्मप्रसार होता, आणि त्या इतिहासात जबरदस्तीही होती. हे लपवायचं कारण नाही. पण एक धडा त्यातून सुटा करून घेण्यासारखा आहे. गावातल्या गरीब मुलाला फुकट, रोज, लहानपणापासून संगीताचं अक्षरज्ञान दिलं की तीनचार पिढ्यांत काय होतं? जहाजांवरचे बँड भरतात, संस्थानिकांचे बँड भरतात, हॉटेलांतले जॅझचे मंच भरतात, आणि शेवटी हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ भरतो.

लोक व्हेनेझुएलाचं उदाहरण देतात. तिथे १९७५ मध्ये होसे अँतोनियो आब्रेऊ यांनी वस्तीतल्या मुलांचे ऑर्केस्ट्रे सुरू केले आणि त्यातून गुस्ताव्हो दुदामेलसारखा कंडक्टर निघाला. मोठंच काम. पण आपल्याला काराकासपर्यंत जायची गरज नाही. कोकणकन्या धरा आणि मडगावला उतरा.

वरातीतली क्लॅरिनेट

आता या सदराचा खरा मुद्दा.

गेल्या लग्नसराईत डोंबिवलीत एका वरातीत होतो. नवऱ्याचा घोडा चौकात अडला होता, पोरं नाचत होती. बँडपार्टीतला क्लॅरिनेटवाला पन्नाशीचा असावा. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, कपाळावर घाम. नाचणाऱ्यांनी जरा दम घेतला आणि त्यानं मधल्याच मोकळ्या वेळात एक आलाप घेतला. कुणासाठीही नाही. खालच्या सप्तकातून वर चढला, मधेच श्वासानं स्वर वाकवला, आणि असा अलगद खाली उतरला की मी मिठाईची बशी हातात धरून तसाच उभा राहिलो.

नंतर त्याला गाठलं. म्हटलं, "दादा, कुठे शिकलात?"

"वडिलांकडं, साहेब. त्यांचंबी हेच. आता पोरगाबी वाजवतो, युफोनियम."

"नोटेशन वाचता येतं?"

त्यानं मान हलवली. "कान तयार आहे आपला. एकदा ऐकलं की वाजवतो. कागद नाय वाचता येत. कागद शिकवायला कोण बसलंय आमच्यासाठी?"

तो प्रश्न मला अजून टोचतोय.

महाराष्ट्रात प्रत्येक तालुक्याच्या गावी बँडपार्ट्या आहेत. क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम, सॅक्सोफोन. पिढ्यान् पिढ्या हेच करणारी घरं आहेत, बहुतेक दलित, मुस्लिम आणि इतर कष्टकरी समाजांतली. दिवसाला सात-आठ तास उन्हात चालत फुंकणारी ही फुप्फुसं. त्यांना सुपारी मिळते ती वाजंत्री म्हणून. जेवायची वेळ आली की पंगत वेगळी.

आणि इकडे देशातला आपला एकमेव व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा ज्या वाद्यांना माणसं शोधून दमतो, ती नेमकी हीच फुंकायची वाद्यं आहेत. व्हायोलिन शिकणारी मुलं शहरात मिळतात, कारण मध्यमवर्गाला व्हायोलिन आणि पियानो प्रतिष्ठेचे वाटतात. हॉर्न, बासून, ट्रॉम्बोन शिकायला कुणी मूल पाठवत नाही. एकीकडे रिकाम्या खुर्च्या, दुसरीकडे तयार फुप्फुसं, आणि मधे काही स्टेशनांचं अंतर. ते अंतर जातीचं आहे, पैशाचं आहे आणि मुख्य म्हणजे कुणीच विचारलं नाही याचं आहे.

क्लॅरिनेट फुंकणारा प्रत्येक बँडवाला सिम्फनीत बसेल, असं मी म्हणत नाही. ती वेगळी विद्या आहे. स्वराचा पोत वेगळा, शिस्त वेगळी. पन्नाशीच्या माणसाला ते अवघडच जाईल. पण त्याच्या युफोनियम वाजवणाऱ्या पोराला? त्याचं वय चौदा असेल तर सगळं शक्य आहे.

चातुर्मासाची शाळा

मोसम ठरवणाऱ्यांनी एक पंचांग बघावं.

आषाढापासून कार्तिकापर्यंत आपल्याकडे लग्नं होत नाहीत. बँडवाल्यांच्या घरी तेव्हा मंदी. मधे गणपती-नवरात्राच्या मिरवणुका येतात, बाकी दिवस रिकामे. कुणी रिक्षा चालवतो, कुणी मजुरीला जातो. आणि नेमक्या याच काळात, सप्टेंबरच्या सुमाराला, ऑर्केस्ट्राचा एक मोसम असतो. जगातले उत्तम हॉर्नवादक, ओबोवादक, ट्रंपेटवादक त्या आठवड्यांत मुंबईत मुक्कामाला असतात.

मग चातुर्मासाची शाळा भरवा. बँडपार्ट्यांच्या घरांतली दहा ते सोळा वयाची चाळीस मुलं निवडा. स्वरलिपी शिकवा, फुंकण्याची शिस्त शिकवा, वाद्य दुरुस्त करून द्या. मोसमासाठी आलेल्या पाहुण्या वादकांनी रोज दोन तास त्यांच्याबरोबर बसावं. त्या चार महिन्यांचा घरचा बुडालेला रोजगार भत्ता म्हणून द्या, नाहीतर मूल येणार नाही. पहिल्या वर्षी दोघं टिकतील, दुसऱ्या वर्षी पाच. विद्या अशीच रुजते, गोव्यातही ती एका पावसाळ्यात रुजली नव्हती.

चौघांचं काम तिघांत होत नाही

पैशाचं काय, असं लगेच कुणी विचारेल. विचारायलाच हवं.

१९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी प्रयोगकलांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. कारखान्यात यंत्र येतं आणि दहा माणसांचं काम दोघं करतात. पण बेथोव्हेनच्या काळात चौकडीला चार वादक आणि ठरावीक मिनिटं लागायची, आजही तेवढेच वादक आणि तेवढीच मिनिटं लागतात. बाकी सगळीकडे पगार वाढतात, त्याबरोबर वादकांचेही वाढवावे लागतात, आणि तिकिटांतून तो खर्च कधीच निघत नाही. म्हणून जगभर ऑर्केस्ट्रे सरकारी अनुदानावर, देणग्यांवर आणि नगरपालिकांच्या पैशावर उभे आहेत.

आपल्याकडे हा भार मुख्यतः खाजगी देणगीदारांनी उचलला. एनसीपीए १९६९ मध्ये जमशेद भाभा आणि जे. आर. डी. टाटा यांच्या पुढाकारानं उभी राहिली, आणि ते औदार्य नसतं तर मुंबईत आज काहीच नसतं. पण देणगीदार आपल्या समोर दिसणाऱ्या गोष्टीला पैसे देतो. मोसमाचा मंच दिसतो, नामांकित पाहुणा दिसतो. तालुक्याच्या गावी चौदा वर्षांच्या पोराला स्वरलिपी शिकवणारा मास्तर दिसत नाही. तिथे सरकारच हवं.

आणि सरकारला नवा कायदा करायची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय, सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणाचा अर्धवेळ शिक्षक हवा. छापलेलं आहे, राजपत्रात आहे. तुमच्या गावच्या शाळेत तो शिक्षक आहे का, हे जाऊन बघा. नसेल तर ग्रामसभेत विचारा, पालकसभेत विचारा, आमदाराच्या कार्यालयात लेखी विचारा. कित्येक शाळांत पंधरा ऑगस्टला बाहेर निघणारं बिगुल आणि ड्रमचं पथक असतं. वाद्यं कपाटात आहेत. त्यांना वर्षातले उरलेले दिवस आणि एक मास्तर द्या.

टाळी चुकली म्हणून

एका कार्यक्रमात माझ्या पुढच्या रांगेत दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. सिम्फनीचा पहिला भाग जोरकस संपला आणि तिनं उत्स्फूर्त टाळी वाजवली. एकटीनंच. आजूबाजूच्या चारपाच माना वळल्या. त्या नजरांनी ती इतकी आक्रसली की शेवटी सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, तेव्हा तिचे हात मांडीवरच होते.

हे मी सहन करणार नाही, आणि तुम्हीही करू नका.

१७७८ च्या जुलैमध्ये मोत्झार्टनं पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं. त्याच्या नव्या सिम्फनीत, पहिला भाग चालू असतानाच, श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो खूश झाला. ती जागा त्यानं टाळी येणार हे ओळखूनच लिहिली होती. १८१३ मध्ये व्हिएन्नात बेथोव्हेनची सातवी सिम्फनी पहिल्यांदा वाजली आणि तिचा दुसरा भाग लोकांनी पुन्हा वाजवायला लावला. वन्स मोअर! आपल्याला हे कुणी शिकवायला नको. १८८० मध्ये किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं, आणि पुढे संगीत नाटकात आवडलेलं पद दोनदा-तीनदा ऐकल्याशिवाय प्रेक्षकांनी पात्राला पुढे जाऊ दिलं नाही. आपण तर 'वन्स मोअर' हा शब्दही आपलाच करून टाकला.

भागांच्या मधे शांत राहायचा शिष्टाचार नंतरचा आहे. त्यामागे कारण आहे, संपूर्ण रचना एकसंध ऐकता यावी. तो पाळणाऱ्याचा मी आदर करतो. पण मोसमाच्या सुरुवातीला कुणीतरी मंचावर येऊन मराठीत दोन मिनिटं सांगावं, आज काय ऐकणार, भाग किती, कुठे काय टिपायचं. आणि कुणी मूल मधेच टाळी वाजवलं तर शेजारच्यानं हसून बघावं. ज्याला आवडलं तो चुकला असं होत नाही. त्याच्यावर डोळे वटारणारा चुकला.

नरिमन पॉइंटच्या अलीकडे

रात्री साडेनऊला कार्यक्रम सुटतो. चर्चगेटपर्यंत टॅक्सी किंवा पायपीट, मग लोकल, मग रिक्षा. विरार, कल्याण, पनवेलचा माणूस घरी पोचतो तेव्हा साडेअकरा-बारा वाजलेले असतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा डबा. त्याला मोसम कळत नाही असं म्हणू नका. त्याच्या घड्याळात मोसमाला जागा नाही.

मराठी नाटकानं हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सोडवला. प्रेक्षक येईना तर नाटक त्याच्याकडे गेलं. आजही बस निघते, नेपथ्याचा टेंपो निघतो, दादरचं शिवाजी मंदिर, ठाण्याचं गडकरी, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, कल्याणचं अत्रे, वाशीचं भावे, बोरिवलीचं ठाकरे नाट्यगृह. दुपारी बस लागते, संध्याकाळी पडदा उघडतो.

ऐंशी वादक या मंचांवर मावणार नाहीत, हे खरं. पण चार वादकांची चौकडी मावते. पाच फुंकवाद्यांचा संच मावतो. पंधरा तंतुवाद्यं मावतात. मुख्य मोसमाच्या आधीच्या पंधरवड्यात असे छोटे संच या नाट्यगृहांत फिरवा. रविवारी सकाळी, नाट्यगृह रिकामं असतं त्या वेळी, तिकीट नाटकाइतकंच. त्यात एक बेथोव्हेन असू दे, आणि एक इथली रचनाही असू दे. त्याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. उस्ताद झाकीर हुसेन यांनी या ऑर्केस्ट्रासाठी 'पेशकार' ही तबला आणि ऑर्केस्ट्राची रचना केली, ती २०१५ मध्ये मुंबईत पहिल्यांदा वाजली आणि २०१९ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावरही गेली. उस्ताद २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेले. ती रचना ठाण्याला, नाशिकला, कोल्हापूरला अजून जायची आहे.

मागचं पान

पुढच्या मोसमाची पुस्तिका येईल. मी ती पुन्हा शेवटून उघडेन. यंदा यादी बदललेली नसेल, पुढच्या वर्षीही फारशी नाही. एक हॉर्नवादक तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात, आणि ती दहा-बारा वर्षं अजून सुरूच झालेली नाहीत. म्हणून घाई आहे.

त्या क्लॅरिनेटवाल्याचा नंबर मी घेऊन ठेवलाय. या मोसमात दोन तिकिटं काढतोय, एक त्याच्यासाठी, एक त्याच्या पोरासाठी. फोनवर त्यानं एकच विचारलं, "साहेब, ड्रेस कोणता घालून यायचं?"

म्हटलं, "तुमचा नेहमीचा."

"लाल कोट?"

"लाल कोट."

तो मंचासमोर बसेल आणि पहिल्या क्लॅरिनेटचा श्वास कुठे तुटतो, कुठे जोडला जातो, हे त्या सभागृहात बाकीच्यांपेक्षा त्याला जास्त कळेल. त्याचा पोरगा बाजूला असेल. त्याला मी समोरच्या स्टँडवरचा कागद दाखवणार आहे आणि सांगणार आहे, हे वाचता येतं, बाळा. हे शिकता येतं.

पुढचं काम, त्याला शिकवण्याचं, माझ्या एकट्याच्या दोन तिकिटांत होणारं नाही. ते मोसम भरवणाऱ्यांचं आहे, सरकारचं आहे आणि तुमचंही आहे.